ग्रीक पद्धतीचे लिंबू-बटाटे घरच्या ओव्हनमध्ये, आणि हो, पाणी घालूनच

पहिल्यांदा हे बटाटे केले तेव्हा मी ट्रेमध्ये पाणी घातलंच नव्हतं. ओव्हनमधला बटाटा म्हणजे कुरकुरीत, मग पाणी कशाला घालायचं, असं डोक्यात पक्कं बसलेलं. तेल चोळलं, लिंबू पिळलं, लसूण किसून वरून भुरभुरवली आणि तासभर ओटीजीत, म्हणजे छोट्या विजेच्या ओव्हनमध्ये, ठेवले. बाहेर आले ते वरून चिवट, आतून कोरडे, लसूण काळी आणि कडू, आणि ज्याच्यासाठी एवढं केलं तो लिंबाचा वास कुठे नावालाही नाही. फार वाईट वाटलं, कारण एक किलो बटाटे आणि बरंचसं ऑलिव्ह ऑइल त्यात गेलं होतं.

आमच्या गोव्याच्या फोंड्यातल्या वाड्यावरचा एक मुलगा तारवटी आहे, क्रूझ बोटीवर किचनमध्ये काम करतो आणि त्याची बोट ग्रीसच्या पिरेयस बंदराला बऱ्याचदा लागलेली. तो सुट्टीवर आला होता तेव्हा त्याला विचारलं की अरे आमचं कुठे चुकतं, तर तो म्हणाला, "वयनी, पाणी घाला. बटाटे अर्धे बुडतील एवढं घाला. बटाटा आधी ते लिंबाचं पाणी पितो आणि मग उरलेल्या तेलात भाजतो." झालं, एवढ्या एका वाक्यात सगळी रेसिपी आली. पुढे जे लिहिते आहे ते सगळं या वाक्याभोवतीच फिरतंय, म्हणून घाई असेल तर एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी तुमचे बटाटे चांगलेच होतील.

तर हा पदार्थ म्हणजे ग्रीक लोकांचे पतातेस लेमोनातेस. रविवारी कोंबडी भाजली की तिच्यासोबत, ईस्टरला मटण भाजलं की त्याच्यासोबत, तिकडे घरोघरी होणारा. हे फ्रेंच फ्राईज नाहीत, चिप्स नाहीत, आपली काचऱ्यांची भाजी पण नाही. आतून अगदी लोण्यासारखा मऊ, कडा सोनेरी-तपकिरी, आणि ट्रेच्या तळाला लिंबू, लसूण, तेल आणि बटाट्याचं पीठ मिळून झालेला दाटसर रस. कुरकुरीतपणा कडांना थोडाच असतो, खरी मजा त्या आंबट मऊपणात आहे. बाकी ते लोक बटाट्याला पताता म्हणतात आणि आपण बटाटा, दोन्ही शब्द एकाच घरातले, आपल्याकडे तो पोर्तुगीजांच्या बोटीतून आला हे गोव्यात कोणाला वेगळं सांगायला नको. ग्रीसमध्ये मात्र बटाटा बराच उशिरा रुजला. १८२८ साली इओआनिस कापोदिस्त्रियास हे स्वतंत्र ग्रीसचे पहिले राज्यप्रमुख म्हणून आले, लोकांची उपासमार होत होती म्हणून त्यांनी बटाटे आणवले, तर लोक हात लावेनात. मग त्यांनी नाफ्प्लियो बंदरावर बटाट्यांचा ढीग घालून त्यावर पहारा बसवला, लोकांना वाटलं एवढा पहारा आहे म्हणजे नक्कीच मोलाची वस्तू, आणि ते चोरून न्यायला लागले, पहारेकऱ्यांना डोळेझाक करायला आधीच सांगितलेलं होतं. ही गोष्ट तिकडे सगळे सांगतात. दंतकथा म्हणा हवं तर, पण मला फार आवडते.

आता कामाचं बोलूया.

बटाटे एक किलो घ्या, मध्यम ते मोठे, आणि जुने घ्या. हे महत्त्वाचं आहे. नवा बटाटा म्हणजे ज्याची साल नखाने खरवडली तरी निघते, तो भाजीला छान, पण इथे तो चिकट राहतो, रस पीत नाही. जुना, जाड सालीचा, पिठूळ बटाटा पाहिजे, जो उकडल्यावर फुटतो तसला. आपल्याकडे बटाटे बहुतेक घाटावरनं, बेळगावच्या बाजूने येतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात किंवा फलोत्पादन महामंडळाच्या गाड्यावर विचारलंत की जुना कुठला नवा कुठला तर सांगतात. हिरवट झालेला किंवा मोड आलेला घेऊ नका. आणि एक, कोल्ड स्टोरेजमध्ये फार दिवस राहिलेला बटाटा गोडसर होतो आणि ओव्हनमध्ये शिजायच्या आधीच काळपट पडतो, म्हणून घरी पण बटाटे फ्रिजमध्ये ठेवू नका, टोपलीत अंधारात ठेवा.

लिंबाचं जरा सविस्तर सांगते, कारण आपलं लिंबू आणि त्यांचं लिंबू वेगळं. ग्रीसमधलं ते मोठं, पिवळं, जाड सालीचं, मडगावला किंवा पणजीत सुपरमार्केटमध्ये कधी कधी मिळतं पण महाग असतं. आपलं कागदी लिंबू छोटं, पातळ सालीचं, वास जास्त उग्र, आणि त्याची साल तापली की कडू होते. म्हणून परदेशी व्हिडिओत दाखवतात तसं पिळलेल्या लिंबाच्या अर्ध्या फोडी ट्रेमध्ये टाकून भाजायला ठेवू नका. मी ठेवल्या होत्या, सगळा रस कडू झाला. पिवळं लिंबू असेल तर दोन मोठी लिंबं, साधारण अर्धी वाटी रस. कागदी असेल तर तीन ते चार, बिया अगदी बघून काढा, एक बी जरी राहिली तरी ती नेमकी दाताखाली येते. लिंबू पिळताना सालीवर फार दाब देऊ नका, दाबून दाबून पिळलं की सालीतला कडवटपणा रसात उतरतो.

लिंबाऐवजी व्हिनेगर चालेल का? नाही चालणार. सोलं (आमसुलं) तर अजिबात नाही, रंग पण जातो आणि चव पण आपल्या कढीची होते.

तेल. ऑलिव्ह ऑइलच पाहिजे, इथे मी तडजोड करत नाही, कारण यात मसाला काहीच नाही, जी काय चव आहे ती तेल, लिंबू, लसूण आणि ओरेगॅनो या चौघांचीच. खोबरेल घातलं तर बटाटे छान लागतील पण ते आपले गोव्याचे बटाटे होतील. तिकडे एका किलोला अर्धा कप सहज घालतात, मी त्याहून कमी, साधारण एक तृतीयांश कप, म्हणजे ८० मिली घालते. फारच महाग वाटत असेल तर निम्मं ऑलिव्ह आणि निम्मं सूर्यफूल घ्या, चालतं. एक्स्ट्रा व्हर्जिन तापवू नये असं ऐकलेलं असतं म्हणून काही जण घाबरतात, पण ट्रेमध्ये पाणी आहे तोपर्यंत रस शंभर डिग्रीच्या फार वर जात नाही, तेल जळत वगैरे नाही.

ओरेगॅनो म्हणजे पिझ्झाबरोबर येतो तोच सुका पाला, ग्रीक त्याला रिगानी म्हणतात. पिझ्झाच्या पुड्या साठवून ठेवल्या असतील तर त्या वापरा पण आधी तळहातावर चोळून वास घ्या, वास येत नसेल तर तो पाला फक्त दिसायलाच आहे. दोन छोटे चमचे लागतात. ओरेगॅनो नसेलच तर आपल्या कुंडीतली ओव्याची पानं, ती जाड मऊ लव असलेली जिची आपण भजी करतो, त्याची दोनच पानं बारीक चिरून घाला. ओरेगॅनोच्या वासातला मुख्य घटक कार्वाक्रॉल, तोच या पानातही असतो म्हणून वास बराच जवळ जातो. पण दोनच हां, पान उग्र असतं, चार घातलीत तर सगळ्या बटाट्यांना सर्दीच्या काढ्याचा वास येईल.

लसूण सहा-सात मोठ्या पाकळ्या, गावठी बारीक लसूण असेल तर दहा-बारा. किसायची नाही. सुरीच्या पात्याने नुसती ठेचायची, मोठे तुकडे राहू द्यायचे, आणि ते रसात बुडालेले राहतील असं बघायचं. वर राहिलेली बारीक लसूण पहिल्या वीस मिनिटांतच जळते आणि जळक्या लसणीचा कडवटपणा पूर्ण ट्रेला लागतो.

मीठ दीड छोटा चमचा, मी आगरातलं खडं मीठ जाडसर कुटून घेते. मिरपूड अर्धा चमचा. पाणी एक कप, म्हणजे २५० मिली, घरात चिकनचं किंवा भाज्यांचं पाणी असेल तर ते उत्तम. एवढंच. हळद नको, तिखट नको, जिरं नको. माझ्या सासूबाई पहिल्यांदा बघत होत्या तेव्हा म्हणाल्या, "अगो, हळद विसरलीस," त्यांना म्हटलं की नाही आई, रंग आपोआप येतो, आणि आला पण. आता त्याच सांगतात करायला.

भांड्याबद्दल कोणी बोलत नाही म्हणून मी बोलते. ॲल्युमिनियमचा ट्रे किंवा केकचं ॲल्युमिनियमचं भांडं घेऊ नका. दीड तास लिंबाचा रस त्यात उकळणार आहे, भांडं काळं पडतं आणि रसाला धातूची चव येते. ॲल्युमिनियम फॉइल तळाला अंथरणं पण त्याच कारणासाठी नको. लोखंडी तवा, बिडाचं भांडं तेही नको. स्टीलचा पसरट ट्रे, इनॅमलचा, किंवा काचेचा ओव्हनमध्ये चालणारा, यातला कुठलाही घ्या. काचेचा असेल तर एक धोका लक्षात ठेवा, तापलेल्या काचेत मध्येच गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते, म्हणून नंतर घालायचं पाणी कायम गरमच. आकार असा हवा की सगळ्या फोडी एका थरात मावतील, एकावर एक चढल्या तर वरच्या कोरड्या राहतात आणि खालच्यांचा लगदा होतो. एका किलोला साधारण ३० बाय २२ सेंटिमीटरचा ट्रे लागतो. छोटा ओटीजी असेल तर सरळ सहाशे-सातशे ग्रॅमच करा, कोंबून भरू नका.

आता करायचं कसं. ओव्हन २०० डिग्रीवर, वरचा खालचा दोन्ही रॉड चालू ठेवून, दहा-पंधरा मिनिटं आधी तापवायला लावा. तोवर बटाटे धुऊन, सोलून लांब फोडी करा, उभा अर्धा करून प्रत्येक अर्ध्याचे दोन किंवा तीन, होडीसारख्या, मधोमध नुसती बोटभर नव्हे, चांगली दीड-दोन बोटं जाड. पातळ कापल्या तर तास-दीड तासात विरघळतात. कापल्यानंतर पुन्हा पाण्यात टाकू नका. वेफर्स करताना आपण पाण्यात टाकतो कारण तिथे पीठ नको असतं, इथे त्या पिठानेच रस दाट होणार आहे, ते धुऊन टाकलं तर तळाला नुसतं तेल आणि पाणी वेगवेगळं उरतं.

फोडी ट्रेमध्येच घ्या, त्यावर मीठ, मिरपूड, ओरेगॅनो निम्मा, तेल सगळं, आणि हाताने चोळून प्रत्येक फोडीला लावा. मग लसूण. मग पाण्यात निम्मा लिंबाचा रस मिसळून तो ट्रेच्या कडेने ओता, फोडींच्या डोक्यावरून ओतलात तर लावलेलं सगळं धुऊन जातं. कापलेली सपाट बाजू खाली करून फोडी लावून घ्या. रस फोडींच्या निम्म्यापर्यंत आला पाहिजे. दिसायला ते खूप पाणी वाटतं, आपण आमटी करतोय का असं वाटतं, तरी हात आवरा, पाणी काढू नका.

लिंबू निम्मंच का, ते सांगते. चिंच किंवा सोलं डाळ शिजायच्या आधी घातली की डाळ दडदडीत राहते हे आपल्याला आईने शिकवलेलं असतं, बटाट्याच्या भाजीत टोमॅटो आधी पडला की फोडी किती वेळ कडक राहतात ते पण बघितलंय. इथे तेच. आंबट पाण्यात बटाट्यातलं पेक्टिन, म्हणजे त्याच्या पेशींना धरून ठेवणारा डिंक म्हणा, लवकर विरघळत नाही, म्हणून बटाटा मऊ व्हायला वेळ घेतो. तिकडे बरेच जण सगळं लिंबू सुरुवातीलाच घालतात आणि मग निवांत दीड तास ठेवतात, त्यांचं चुकत नाही. पण आपल्या छोट्या ओटीजीत वरचा रॉड फार जवळ असतो, बटाटा आत मऊ होईपर्यंत वरून करपतो. म्हणून निम्मं आधी, निम्मं नंतर. शिवाय नंतर घातलेल्या लिंबाचा वास ताजा राहतो, सुरुवातीचं लिंबू बटाट्याच्या आत मुरतं आणि नंतरचं जिभेवर कळतं.

ट्रे मधल्या जाळीवर ठेवा. झाकण नको. चाळीस मिनिटं दार उघडू नका.

चाळीस मिनिटांनी बाहेर काढा, फोडींना खालून हलका रंग आलेला असेल, सुरीचं टोक टोचलं तर थोडं अडत अडत जाईल. एकेक फोड पलटा, चपटा कालथा खाली सरकवून, चिमट्याने ओढू नका, खालची सोनेरी खरपुडी ट्रेला राहते आणि तीच तर सगळ्यात चांगली लागते. आता उरलेलं लिंबू घाला. ट्रेमध्ये रस किती राहिलाय ते बघा, जर तळ दिसायला लागला असेल आणि बटाटा अजून कडक असेल तर अर्धा कप गरम पाणी घाला, बिनधास्त. परत आत, अजून तीस ते चाळीस मिनिटं.

या दुसऱ्या फेरीत घड्याळापेक्षा कानावर भरवसा ठेवा असं मी सांगेन. आधी ट्रेमधनं बुडबुड असा जड आवाज येत असतो, पाणी उकळतंय. मग पाणी आटतं, बटाट्यात जातं, आणि आवाज बदलतो, बारीक चरचर सुरू होते, म्हणजे आता पाणी संपत आलं आणि तेलात भाजणं सुरू झालं. भाजीला तेल सुटतं तोच क्षण. चरचर सुरू झाली की पुढची दहा-बारा मिनिटं स्वयंपाकघर सोडू नका, फोनवर बोलायला जाऊ नका, कारण सोनेरी ते करपलेलं हा प्रवास तेवढ्यातच होतो. रंग कमी वाटला तर शेवटची पाच-सात मिनिटं २२० वर न्या. रस पूर्ण कोरडा होऊ द्यायचा नाही, ट्रे तिरका केला तर कोपऱ्यात चार-पाच चमचे दाट, तेलकट, पिवळा रस जमला पाहिजे.

बाहेर काढा, उरलेला ओरेगॅनो हातावर चुरून वर टाका, रस चमच्याने फोडींवर घाला आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. हे दहा मिनिटं थांबणं जिवावर येतं, घरभर लसणीचा आणि लिंबाचा वास सुटलेला असतो, पण त्या दहा मिनिटांत उरलेला रस बराचसा बटाट्यात मुरतो. चव घेऊन बघा, मीठ लागलं तर आता.

विजेचं म्हणाल तर १५०० वॅटचा ओटीजी दीड तास सतत चालला तरी सव्वादोन युनिट, आणि तो मध्ये मध्ये आपोआप बंद होतो त्यामुळे त्याहून कमीच. खरी अडचण पावसाळ्यात येते, लाईट. बटाटे आत आणि लाईट गेली की जीव खालीवर होतो. पहिल्या अर्ध्या तासात गेली तर दार बंदच ठेवा, आतली उष्णता थोडा वेळ टिकते, बटाटे शिजत राहतात. पण दुसऱ्या फेरीत गेली आणि येण्याचं चिन्ह नसेल तर सगळं, रसासकट, पसरट नॉनस्टिक पॅनमध्ये काढा आणि गॅसवर मध्यम आचेवर पूर्ण करा, मी दोन-तीनदा असंच केलंय आणि कोणाला कळलं नाही.

ओव्हन नसेलच तर? जाड बुडाचं स्टीलचं किंवा नॉनस्टिक पसरट भांडं घ्या, तेलात फोडी आधी मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं दोन्ही बाजूंनी रंग येईपर्यंत भाजा, मग लसूण घालून अर्धा मिनिट, मग पाणी आणि निम्मं लिंबू, झाकण ठेवून मंद आचेवर वीस-पंचवीस मिनिटं, मग झाकण काढून उरलेलं लिंबू आणि ओरेगॅनो घालून रस आटवा. क्रम उलटा झाला, आधी भाजणं आणि मग पिणं, त्यामुळे कडा ओव्हनसारख्या होत नाहीत, पण चव नव्वद टक्के तीच. कुकरमध्ये उकडून मग लिंबू चोळायचा शॉर्टकट मात्र करू नका, उकडलेल्या बटाट्याने आधीच पाणी पिऊन घेतलेलं असतं, लिंबू आत जायला जागाच राहत नाही, वरवर आंबट आणि आत फिका असा लागतो. एअर फ्रायर पण याच्यासाठी नाही, त्यात रस राहूच शकत नाही.

चिकनबरोबर करायचं असेल तर कातडीसकट तंगड्या घ्या, मीठ, लिंबू, ओरेगॅनो लावून तासभर फ्रिजमध्ये ठेवा आणि बटाटे अर्धा तास शिजल्यावर त्यांच्यावर मांडा. चिकनचं तेल आणि रस खाली बटाट्यावर गळतो, त्यामुळे बटाट्याला सुरुवातीलाच पाणी थोडं कमी घाला, पाऊण कप पुरे. तिकडे गावांमध्ये पूर्वी घरी ओव्हन नसायचे तेव्हा रविवारी असा भरलेला ट्रे घेऊन लोक पाववाल्याच्या भट्टीवर द्यायचे आणि दुपारी भाजलेला परत आणायचे. ग्रीकमध्ये त्या भट्टीला फूर्नोस म्हणतात, आणि आपल्या पोदेराच्या, म्हणजे गोव्यातल्या पाववाल्याच्या, भट्टीला आपण फोर्न म्हणतो, पोर्तुगीजमधनं आलेला शब्द, दोघांचं मूळ एकच लॅटिन. हे मला कळलं तेव्हा खूप बरं वाटलं, एवढ्या लांबच्या गावातलं स्वयंपाकघर एकदम शेजारचं वाटायला लागलं.

खायचे कशाबरोबर, तर आमच्याकडे तीन प्रकार ठरलेले आहेत. इस्वणाची (सुरमईची) तुकडी नुसतं मीठ, मिरपूड लावून तव्यावर भाजलेली, रवा वगैरे न लावता, आणि बाजूला हे बटाटे. मासळीबंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, मासे मिळाले तरी भाव ऐकूनच परत यावं लागतं, तेव्हा अंड्याचं आमलेट आणि हे बटाटे. आणि सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, असतं तेव्हा पंचातलं घट्ट दही, त्यात काकडी किसून, घट्ट पिळून, थोडी लसूण आणि चमचाभर ऑलिव्ह ऑइल, जे ग्रीक लोकांच्या झाझिकीच्या जवळ जातं. काकडी पिळायला विसरू नका, नाहीतर दही पातळ होतं.

आणि पाव लागतोच. भात नको याच्याबरोबर, भाताला हा रस लागत नाही नीट. संध्याकाळी पोदेराच्या सायकलचा भोंपू वाजला की गरम उंडे घ्या, कडक कवचाचे, ते तोडून ट्रेच्या तळाला पुसत पुसत खायचे. तळाला चिकटलेली लसूण एव्हाना मऊ, गोड, जॅमसारखी झालेली असते, ती पावावर दाबून लावा. आमच्याकडे मुलं बटाट्यांआधी त्या लसणीवरनं भांडतात, म्हणून आता मी चार पाकळ्या जास्तच टाकते.

उरले तर रसासकट डब्यात घालून फ्रिजमध्ये, आपल्या दमट हवेत रात्रभर बाहेर ठेवू नका. दोन दिवस छान राहतात. दुसऱ्या दिवशी तेल थिजून पांढरट दिसतं, ते फेकू नका, फोडी त्याच तेलासकट गरम तव्यावर टाका, मध्यम आच, पाच मिनिटं न हलवता, मग पलटून अजून तीन. मायक्रोवेव्हमध्ये केले तर चिवट होतात.